तीस ग्रॅमचा घोर

हामाया तोमिए-सान यांनी केलेलं वजन आमच्या किनाऱ्यावर कुणी पुन्हा करून पाहत नसे. होक्काइदोच्या पूर्वेला, वर्षातले शंभर दिवस धुक्यात बुडालेली आमची वाडी. सत्तावीस घरं, आणि सगळी कोंबूवर जगणारी. समुद्राच्या तळाशी वाढणारा हा कोंबू, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, उन्हाळ्यात लांब काठीला पिळून उपटायचा, खड्यांच्या अंगणात पट्ट्यांसारखा अंथरून वाळवायचा आणि वीस-वीस किलोचे गठ्ठे बांधून दक्षिणेला पाठवायचा. गठ्ठे बांधायच्या शेडमध्ये काट्यापाशी एकोणीस वर्षं तोमिए-सान उभ्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यावर शिक्का मारला की विषय संपला.

मी सेत्सु ओनुमा. वाडीतलं केस कापायचं एकुलतं दुकान माझं. पुरुषांचे केस आणि बायकांचे चेहरे, दोन्ही माझ्याच वस्तऱ्याखाली येतात, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते मला आपोआप कळतं. ही हकिगत मला अशीच कळली, आणि पुढे तर मी तिच्यात ओढलीच गेले.

तोमिए-सानची एकुलती एक मुलगी कानाए. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओकिनावाला गेली आणि तिथल्या गुशिकेन नावाच्या मुलाशी लग्न करून नाहाच्या बाजारात सासूच्या गाळ्यात उभी राहिली. तिथं कोंबू उगवत नाही, पण खातात मात्र आमच्याहून जास्त. डुकराच्या मांसाबरोबर परतून. मुलगी एवढ्या लांब गेल्याचं आईला वाईट वाटलं असणार, पण तसं त्या बोलल्या नाहीत. शेडसाठी नवा काटा आला होता, तेव्हा जुना इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी स्वतः विकत घेतला, पुसूनबिसून खोक्यात भरला आणि लेकीला दिला. म्हणाल्या, "हामायांच्या घरचं माप आहे. जपून वापर."

हेइसेईच्या अकराव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, पहिला माल नाहाला पोचला आणि कानाएचा फोन आला.

"आई, गठ्ठे मिळाले. पाचही." आणि ती थांबली.

"मग?"

"काही नाही... तीस ग्रॅम कमी भरतायत."

"कुठला?"

"पाचही. एकोणीस किलो नऊशे सत्तर. तुझ्याच काट्यावर, आई."

मागून सासूचा आवाज आला. ऐकू जावा म्हणूनच काढलेला. "उत्तरेकडच्यांचा हात आखडता असतो म्हणतात, खरंच असेल बाई!"

तोमिए-सानने फोन ठेवला तो आपटूनच. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा गालाला साबण लावायचीही सोय नव्हती, तोंड सारखं चालू.

"वाळला असेल म्हणे! सेत्सु-चान, तूच सांग. नाहाच्या हवेत? तिथं मिठाला पाणी सुटतं. कोंबू तिथं पोचला की दमट हवा पिऊन जड व्हायला पाहिजे. हलका कसा होईल?"

"वाटेत कुणी काढला असेल."

"पाच गठ्ठ्यांतून मोजून तीस-तीस ग्रॅम? शिक्का न फोडता? चोर आहे की सोनार?"

त्यांचे यजमान यासुजी-सान कमी बोलणारे गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला तीस ग्रॅम जास्त घाल आणि मोकळी हो."

"म्हणजे ह्या खेपेला मारले होते असं कबूल करू?"

त्यावर यासुजी-सान उठून जाळं शिवायला गेले.

शेडमध्ये एक लोखंडी तुकडा होता. जुन्या नावेच्या नांगराचा. तोमिए-सानच्या सासऱ्यांनी तो कानशीने घासून घासून बरोबर वीस किलोचा केला होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो काट्यावर ठेवायचा, आकडा बरोबर वीस आला की मग पहिला गठ्ठा. जुन्या काट्यावर तो हजारदा चढला होता आणि एकदाही चुकला नव्हता. तोमिए-सानने तो टॉवेलात गुंडाळला, खोक्यात घातला आणि पार्सलवाल्याला बोलावलं.

त्याने खोकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "ओकुसान, बाईसाहेब, आत काय आहे?"

"लोखंड."

"आणि?"

"लोखंडच. तू ने."

आठवड्याने कानाएचा फोन आला. ह्या वेळी आवाज दबका होता. "आई, एकोणीस नऊशे सत्तर."

"नीट ठेवलंस?"

"सहा वेळा ठेवलं. सासूबाईंनीपण ठेवून पाहिलं. आई, हे लोखंड आहे ना? लोखंड कसं वाळेल?"

लोखंड परत मागवलं. शेडमधल्या नव्या काट्यावर ठेवलं. वीस. शेजारच्या वाडीत दोन काटे होते, यासुजी-सानच्या टेम्पोतून तिथं नेलं. वीस आणि वीस. जाताना तीस ग्रॅम गेले होते, येताना परत आले होते. कुणी काही काढलं नाही, कुणी काही घातलं नाही.

त्या दिवसापासून तोमिए-सानचं स्वास्थ्य गेलं. जेवता जेवता उठायच्या आणि शेडमध्ये जाऊन लोखंड ठेवून पाहायच्या. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. धुक्यात, उन्हात. यासुजी-सानकडून ते कड्याच्या माथ्यावर नेववलं आणि मागोमाग काटा. आकडा हलेना. वाडीतल्या बायका हसायला लागल्या. शेडमधली एक जण म्हणाली, "तोमिए-सान, त्याला एखादं नाव तरी ठेवा आता."

ऑक्टोबरमध्ये काटे तपासणारा सरकारी माणूस आला. दर दोन वर्षांनी येतो. तरुण, चष्मेवाला, घाईतला. तोमिए-सानने त्याला आधी चहा दिला, मग लोखंडाची सगळी कथा ऐकवली. तो मधेच हसला.

"हो, असंच होणार. काट्याच्या मागे चिठ्ठी असते, कुठल्या भागासाठी लावलाय त्याची. वाचली नाहीत?"

"एवढी वर्षं मी पुढचाच आकडा वाचत आलेय."

मग त्याने समजावलं. बाहेर झिमझिम होती, त्याची ओली छत्री दाराशी होती. ती उघडून त्याने दांडा गरगर फिरवला. कडेचं पाणी लांब उडालं, मधलं जागच्या जागी राहिलं. पृथ्वी अशीच फिरते, तो म्हणाला. नाहा कडेच्या बाजूला, आपण जरा आत. तिथल्या वस्तू बाहेर जास्त फेकल्या जातात. शिवाय पृथ्वी कमरेत थोडी जाड आहे, म्हणून तिथली माणसं मध्यापासून जरा लांबच उभी आहेत. तेवढी ओढ कमी पडते. वीस किलोमागे तीस ग्रॅम. चोरी नाही, वाळणं नाही. काटा तिथल्यासाठी लावून घेतला की झालं.

शेडमधल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तोमिए-सान मात्र छत्रीकडे बघत उभ्या होत्या.

"फेकणं कळलं," त्या म्हणाल्या. "ओढणं कुठं सांगितलंत?"

"म्हणजे?"

"ओढतं म्हणालात. कशानं? मधे तर काहीच नाही."

तो माणूस ओशाळला. "ओकुसान, खरं सांगू? ते मला माहीत नाही. आम्ही नुसता आकडा लावतो."

दुसऱ्या कुणाचा घोर इथं संपला असता. तोमिए-सानचा इथून सुरू झाला. नाहाला फोन करून त्यांनी कारण सांगितलं, कानाए सुटकेनं रडली, सासू काहीतरी पुटपुटली. पण काटा लावून घेऊ का असं कानाएने विचारलं तेव्हा ह्या म्हणाल्या, "थांब. मी येऊन डोळ्यांनी पाहीपर्यंत हात लावू नकोस." किरकोळ विक्रीसाठी सासूचा लहान काटा होताच, त्यामुळे अडत नव्हतं.

ह्या सगळ्यात इगाराशी-सान आले ते माझ्या दुकानातून. वाडीच्या उत्तरेच्या टोकावर धुक्यात नावांना इशारा देणारा भोंगा आहे, तो ह्यांनी तीस वर्षं वाजवला. निवृत्त झालेले, विधुर, डावा कान गेलेला, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. केस जेमतेम उरले होते, तरी दर रविवारी दुपारी कापायला येत. तोमिए-सानने एका रविवारी तो प्रश्न तिथं काढला आणि इगाराशी-सान खुर्चीतून अर्धे केस कापलेले असतानाच उठले.

"ओढतं म्हणजे काय? दोर आहे? साखळी आहे? लांबून काही करायचं तर मधे काहीतरी लागतं. माझ्या भोंग्याच्या आवाजालासुद्धा मधे हवा लागायची!"

"मग?"

"मग ओढत नसणारच!"

पुढच्या रविवारी ते वही घेऊन आले. त्यानंतर दर रविवारी दुपारी दुकानात आम्ही तिघं. ते मांडायचे, तोमिए-सान खोदायच्या, मी टॉवेल घड्या करत ऐकायची आणि कधी मधे बोलायची. चंद्र खाली का पडत नाही हे मला इगाराशी-सानने दोरीला बांधलेला साबण फिरवून समजावलं. "पडतोच आहे! पण पडता पडता पुढे सरकतो, म्हणून जमीन चुकते!" साबण सुटून आरशाला लागला, तडा अजून आहे.

त्यांचं म्हणणं हळूहळू उभं राहिलं. ओढ नाही, ढकल आहे. सगळ्या बाजूंनी एक फार बारीक, न दिसणारं धुकं येतंय आणि प्रत्येक वस्तूला दाबतंय. चारी बाजूंनी सारखं दाबलं तर काहीच जाणवणार नाही. पण आपल्या पायाखाली पृथ्वी आहे, ती खालचं धुकं थोडं अडवते. वरचं मात्र पुरं येतं. म्हणून आपण खाली दाबले जातो.

"मग छपराखाली हलकं का वाटत नाही?" तोमिए-सानने विचारलं.

"छपरातून आरपार जातं ते. फार बारीक आहे!"

"छपरातून जातं आणि पृथ्वीतून जात नाही?"

"पृथ्वी जाड आहे! थोडं अडतं. तेवढंच पुरतं!"

तोमिए-सान हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "इगाराशी-सान, हे बसतंय हो." म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तीस वर्षं एकटा माणूस धुक्यात भोंगा वाजवत बसला होता आणि आता त्याला त्या धुक्यातूनच काहीतरी हाती लागलं होतं. त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला घेतलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस कोंबूच्या नावा वर ओढायच्या आधी यासुजी-सान आणि तोमिए-सान शेवटची फेरी मारून आले. दाट धुकं होतं. त्याच रविवारी त्या दुकानात आल्या, पण बसेनात. खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या. इगाराशी-सान सुवाच्य वहीचं पहिलं पान वाचून दाखवायच्या बेतात होते.

"आधी मला एक विचारू द्या," तोमिए-सान म्हणाल्या. "नाव उभी असली की धुकं सगळीकडून सारखं लागतं. खरं ना?"

"खरं!"

"नाव चालायला लागली की तोंड ओलं होतं. पाठ कोरडी राहते."

"हो, मग?"

"पृथ्वी उभी आहे का? ती सूर्याभोवती पळतेय. मग तिच्या तोंडावर तुमचं धुकं जास्त बसेल. सारखं मागं रेटेल. एवढी वर्षं रेटत असेल तर ती कधीच थांबायला हवी होती. थांबून सूर्यात पडायला हवी होती."

इगाराशी-सानने वहीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"तुम्हाला फक्त मोडता येतं, तोमिए-सान."

टोपी घातली आणि गेले. वही खुर्चीवर राहिली.

पुढचे रविवार ते आले नाहीत. तोमिए-सान येत, पण त्यांच्यात राम नव्हता. वही घरी नेली होती आणि धुक्याचं ते म्हणणं आता त्याच दुरुस्त करायला बसल्या होत्या. धुकं फार वेगाने येत असेल तर? तर पृथ्वीचं पळणं त्यापुढे काहीच नाही... पण मग एवढ्या वेगाने आपटणारं धुकं अडवून पृथ्वी तापून लाल होईल. एक भोक बुजवावं तर दुसरं पडायचं. यासुजी-सान माझ्याकडे केस कापायला आले तेव्हा म्हणाले, "सेत्सु-सान, ती भात शिजवताना कुकर उघडून वाफेकडे बघत बसते. काल भात कच्चाच जेवलो." तक्रारीचा सूर नव्हता. काळजी होती.

"त्यांच्या घरी जा ना तुम्ही," मी तोमिए-सानना म्हटलं.

"जाऊन काय सांगू? चुकलं नव्हतं माझं."

"चुकलं होतं असं कुठं म्हणतेय मी."

त्या गेल्या नाहीत. जानेवारीत विमानात बसून नाहाला मात्र गेल्या. होक्काइदोबाहेर पहिल्यांदाच, साठीला टेकल्यावर. पिशवीत वीस किलोचं लोखंड. विमानतळावर ते पाहून तिघांनी चौकशी केली आणि ह्यांनी तिघांनाही छत्रीची गोष्ट सांगितली.

नाहाला काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. गाळ्यात पोचल्या, विहिणीला वाकून नमस्कार केला आणि बसायच्या आधी लोखंड काट्यावर ठेवलं. एकोणीस नऊशे सत्तर. फोनवर ऐकलं होतं, तरी त्यांनी लोखंड उचलून पुन्हा ठेवलं. तोच तुकडा, तेच हात. फक्त जागा दुसरी.

विहीणबाई, म्हणजे गुशिकेन ओबा (तिकडे आजीला ओबा म्हणतात), पंच्याहत्तरीच्या, ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "मग आम्ही इथं सगळेच हलके म्हणा की. तरीच मला माझं वजन कधी वाटलं नाही."

"मी इथं राहिले तर उपाशी न राहता बारीक होईन," तोमिए-सान म्हणाल्या.

ओबा हसल्या. मग छत्री मागवली गेली, बादलीत बुडवली गेली आणि गाळ्यात गरगर फिरवली गेली. शेजारच्या मासेवाल्याच्या अंगावर पाणी उडालं, त्याने शिव्या घातल्या. ओबाला फार मजा वाटली. त्यांनी स्वतः फिरवून पाहिली.

"पण काय हो," ओबाने विचारलं, "एवढी ओढ आहे तर चंद्राला का नाही ओढून पाडत?"

"पडतोच आहे तो," तोमिए-सान पटकन म्हणाल्या. "पडता पडता पुढे सरकतो, म्हणून जमीन चुकते." आणि छत्री मिटून ठेवली.

"काय झालं?"

"हे माझं नाही. इगाराशी-सानचं आहे."

त्या रात्रीच्या जेवणात ओबाने त्यांच्या ताटात कोंबू आणि डुकराचं मांस दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा वाढता वाढता म्हणाल्या, "हात आखडता म्हणाले होते मी. जीभ चुकली." तोमिए-सानने ताट पुढे केलं. पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. ओबाने सुनावलेल्या शब्दाचं ओझं उतरलं होतं आणि इगाराशी-सानने सुनावलेल्याचं अजून होतं. आठवडाभर राहायच्या बेताने गेल्या होत्या, चौथ्या दिवशी निघाल्या.

कुशिरोच्या विमानतळावर यासुजी-सान टेम्पो घेऊन उभे होते. मीही बरोबर गेले होते, शहरात काम होतं. पिशवी उचलता उचलता यासुजी-सान म्हणाले, "इगाराशी पडले. बर्फावर, पायरीवरून. मांडीचं हाड."

"कधी?"

"परवा. इथंच दवाखान्यात आहेत."

"मग घरी कशाला निघालाय? तिकडे घ्या."

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते खिडकीशी पडून होते. पाय बांधलेला, दाढी वाढलेली. तोमिए-सान दाराशी थबकल्या. काय बोलायचं ते वाटभर ठरवलं होतं, ते सगळं विसरल्या असाव्यात. पण त्यांना बोलायचं कामच पडलं नाही.

"या! बरं झालं आलात!" खोलीतले बाकीचे तीन रोगी दचकले. "तुमचंही चुकलंय!"

"काय?"

"माझं धुकं तुम्ही मोडलंत. बरोबर केलंत, पृथ्वी थांबली असती. आता तुमची ओढ मी मोडतो! बसा!"

त्या बसल्या. मी भिंतीशी उभी राहिले.

"हातात रॉकेलचा डबा होता. अठरा लिटरचा, भरलेला. हात निसटून येत होता खांद्यातून. वरच्या पायरीवरून पाय सुटला आणि, तोमिए-सान, डबा हलका झाला. पिसासारखा! धरलेला तसाच होता, मूठ आवळलेली होती, पण हाताला काहीच नाही. मला कुणी ओढत नव्हतं. कुणी दाबत नव्हतं. कधी नव्हे इतकं सुखात होतो. मग आपटलो."

"डबा तुमच्याबरोबरच पडत होता, म्हणून तसं वाटलं."

"हो, पण मला स्वतःला तरी ओढ जाणवायला नको? पडताना तर ती सगळ्यात जास्त जाणवायला हवी! पडणं म्हणजेच तिचं काम ना? आणि नेमकी तेव्हाच ती नसते. उभं राहिलं की असते, बसलं की असते, सोडून दिलं की नाही!"

तोमिए-सान उठल्या. पुन्हा बसल्या. पुन्हा उठल्या. "तुम्ही घाबरला होतात. तेवढ्याशा वेळात कळणार काय."

"करून पाहा मग!"

"तुम्हाला परत पाडू?"

आम्ही सगळे विचारात पडलो. काटा खाली टाकून त्यावरचा आकडा वाचायचा कसा? तेव्हा, सहा महिने ह्या सगळ्याला वैतागलेले यासुजी-सान दाराशी उभे होते, ते म्हणाले, "बाटलीला खाली भोक पाडा. पाणी भरा. पाणी बाहेर का येतं? वजनानं. बाटली सोडून द्या. वजन गेलं तर पाणी थांबेल."

तोमिए-सानने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू ते आत्ताच कुठून तरी आले आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली तयार झाली. आत कोमट जवाचा चहा, म्हणजे रंग दिसेल आणि लगेच गोठणार नाही. दवाखान्याच्या भिंतीला बाहेरून लोखंडी जिना आहे, इगाराशी-सानच्या खिडकीच्या बाजूला. यासुजी-सान त्याच्या वरच्या टप्प्यावर चढले. मी खाली बर्फात उभी. तोमिए-सान वर, पलंगाशी, म्हाताऱ्याच्या पाठीला उशी देऊन.

यासुजी-सानने भोकावरचं बोट काढलं. तपकिरी धार सुटली, वाऱ्यावर वाकडी होत खाली आली. माझ्या कोटावर थेंब पडले.

"सोडा!" वरून इगाराशी-सानचा आवाज सगळ्या दवाखान्याने ऐकला.

बाटली सुटली आणि धार तुटली. मी खरंच सांगते, चिमटीत धरून तोडावी तशी तुटली. बाटली माझ्यासमोरून खाली गेली तेव्हा भोकाशी थेंबसुद्धा नव्हता. बर्फात रुतली आणि मग पुन्हा चहा वाहायला लागला.

"थांबलं!" वर दोघंही ओरडत होते. "सेत्सु-चान, थांबलं ना?"

"थांबलं!" मीही ओरडले.

"परत!"

चार वेळा केलं. पाचव्या वेळी एक नर्स खिडकीत आली. "आजोबा, खोलीत वारा येतोय, बाकीची माणसं आजारी आहेत! आणि जिन्यावर कोण आहे ते? उतरा आधी!" यासुजी-सान पन्नास वर्षांचे असल्यासारखे धावत उतरले.

मी वर गेले तेव्हा खिडकी बंद झाली होती. तोमिए-सानचे डोळे ओले होते, पण आनंदाने की कशाने ते मला सांगता येणार नाही.

"मी मोडलं म्हणून तुम्ही आलाच नाहीत," त्या म्हणाल्या.

"नवीन काही नव्हतं हातात. रिकाम्या हातानं कसा येणार?"

"माझ्याही हातात काही नव्हतं. मी दुकानात जातच होते दर रविवारी."

त्यावर इगाराशी-सानने मान खाली घातली. "वाईट बोललो," ते म्हणाले. तेवढंच.

मार्चमध्ये ते काठीवर चालायला लागले, पण एकट्याने राहणं जमणार नव्हतं. मुलगा येऊन साप्पोरोला घेऊन गेला. रविवारी दुपारी आता दुकानातला फोन वाजतो. साप्पोरोतला आवाज इतका मोठा असतो की फोन कानाला लावावा लागत नाही, आरशासमोर ठेवून दिला तरी पुरतो. नाहाला कानाएने काटा तिथल्यासाठी लावून घेतला. ओबाने स्वतः फोन करून कळवलं, "आता बरोबर वीस भरतं हो!" तोमिए-सानने आभार मानले, पण मला म्हणाल्या, "ओढ तिथं अजून तेवढीच कमी आहे. काट्याला गप्प बसायला शिकवलंय फक्त."

बाटलीने काही सुटलं नाही, उलट गुंता वाढला. पडताना ओढ नसेल तर काट्यावर लोखंडाला दाबतं कोण? खूप रविवार गेले आणि तोमिए-सानच्या मनात आलं की बहुधा वरून कुणीच काही करत नाही, जमीनच आपल्याला खालून वर रेटत असते आणि आपण त्यालाच वजन म्हणतो. साप्पोरोहून होकार आला. दोन आठवडे त्या जरा शांत दिसल्या. जेवण वेळेवर होऊ लागलं.

मग जूनमध्ये कोंबूचा हंगाम उघडला. नावा पाण्यात ढकलून सगळी वाडी किनाऱ्यावर उभी होती. टेकडीवर झेंडा चढला की निघायचं, त्याआधी कुणी निघायचं नाही. मी यासुजी-सानना फराळाचा डबा द्यायला गेले होते. तोमिए-सान गमबूट घालून, काठी हातात घेऊन टेकडीकडे बघत होत्या आणि पायाने वाळू उकरत होत्या.

"कानाएचे बाबा," त्या एकदम म्हणाल्या, "जमीन आपल्याला इकडून वर रेटते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसं आहेत, त्यांना ती तिकडून वर रेटते. म्हणजे उलट दिशेला. मग सगळ्या बाजूंनी बाहेर रेटणारी पृथ्वी फुगत का नाही? फुटत का नाही?"

यासुजी-सानने डबा नावेत ठेवला. त्यांनी विचार केला, खरंच केला, कपाळाला आठ्या घालून.

"झेंडा लागला," ते म्हणाले. "चल."

सगळ्या नावांची इंजिनं एकदम सुरू झाली. त्या नावेत चढल्या, काठी आडवी ठेवली, आणि नाव धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत मला त्यांचा आवाज येत होता. त्या यासुजी-सानना अजून काहीतरी विचारत होत्या.